उंदरांतील स्वयंप्रतिकार संधिवात आणि नियामक पेशी : प्रयोगाची आखणी, कृती आणि निष्कर्ष

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, हे आता सर्वसामान्य वाचकांनाही ठाऊक असते. हल्ला करणाऱ्या पेशींबद्दल पुष्कळ लिहिले जाते. त्यांना आवर घालणाऱ्या, म्हणजे नियामक, पेशींबद्दल मात्र मराठीत फारसे काही सापडत नाही, आणि या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला तर प्रयोगाची पहिली पायरी कोणती इथपासून अडचण असते. प्रतिकारशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांत एमएस्सी वा पीएचडी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यातला मुख्य मुद्दा एकच आहे : कोणतीही पेशी संधिवाताला आवरते की भडकवते, याचे उत्तर ती पेशी आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि शरीराच्या कोणत्या भागात तपासली यावर अवलंबून असते. म्हणून आधी टप्पा ठरवावा, मग मॉडेल, म्हणजे उंदरांत तो आजार घडवण्याची पद्धत, निवडावे, आणि उंदरांची मागणी त्यानंतर नोंदवावी. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा क्रम उलटा होतो.

पहिली पायरी : प्रश्न कोणत्या टप्प्याचा आहे ते ठरवणे

स्वयंप्रतिकार संधिवाताचे ढोबळमानाने दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा लसिका ग्रंथी आणि प्लीहेत घडतो. तेथे डेंड्रिटिक पेशी प्रतिजन, म्हणजे प्रतिकारयंत्रणा ज्याला प्रतिसाद देते तो पदार्थ, इतर पेशींना दाखवतात, सहायक टी-पेशी जाग्या होतात आणि त्यांच्या मदतीने बी-पेशी प्रतिपिंडे तयार करू लागतात. दुसरा टप्पा सांध्यात घडतो : प्रतिपिंडे कूर्चेला चिकटतात, कॉम्प्लिमेंट प्रथिने सक्रिय होतात, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज धावून येतात, सांध्याच्या अस्तरातील फायब्रोब्लास्ट फुगतात आणि ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड कुरतडू लागतात.

कोलॅजन-प्रेरित संधिवात, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत सीआयए, या दोन्ही टप्प्यांतून जातो. १९७७ मध्ये ट्रेंटहॅम, टाउन्स आणि कांग यांनी तो प्रथम मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, दाखवला आणि १९८० मध्ये तो लहान उंदरांतही घडवता आला. याउलट आपोआप संधिवात होणाऱ्या के/बीएक्सएन जातीच्या उंदरांचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, दुसऱ्या निरोगी उंदराला टोचला की काही दिवसांतच सांधे सुजतात. येथे प्रतिपिंडे बाहेरून तयारच मिळतात, म्हणून पहिला टप्पा पूर्णपणे वगळला जातो. कोलॅजनविरोधी प्रतिपिंडांचे मिश्रण टोचून आणि नंतर जिवाणूंचे लिपोपॉलिसॅकराइड देऊन घडवलेला संधिवातही याच वर्गातला. साकागुची यांच्या गटाने २००३ मध्ये वर्णिलेला एसकेजी उंदीर आणखी वेगळा आहे. त्याच्या झॅप-७० जनुकात एक बदल असतो, त्यामुळे थायमसमधील टी-पेशींची निवडच बिघडते आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटकांचे निमित्त मिळाले की संधिवात सुरू होतो.

यावरून व्यावहारिक नियम निघतो. नियामक टी-पेशी प्रतिपिंडनिर्मिती रोखतात का, असा प्रश्न असेल तर सीरम-हस्तांतरण मॉडेल निरुपयोगी आहे. न्यूट्रोफिल किंवा सांध्यातील मॅक्रोफेज यांचा प्रश्न असेल तर सीआयएमध्ये महिनाभर थांबण्यापेक्षा तेच मॉडेल सोयीचे आणि स्वच्छ उत्तर देणारे ठरते. पुढील कृती मुख्यतः सीआयए डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

दुसरी पायरी : परवानगी, उंदीर आणि पिंजरे

भारतात असा प्रयोग संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या लेखी मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. ही समिती १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीच्या, म्हणजे सीसीएसईएच्या, नियमांनुसार काम करते. अर्जात प्राण्यांची संख्या, वेदनाशमनाची तजवीज आणि प्रयोग कधी थांबवायचा याचे निकष स्पष्ट लिहावे लागतात. ही कागदपत्रांची औपचारिकता आहे असे समजू नये. सुजलेल्या पंजांनी उंदराला उंचावरच्या जाळीतून अन्न ओढता येत नाही, म्हणून आजार सुरू होताच ओलसर अन्न पिंजऱ्याच्या तळाशी ठेवणे, पाण्याची लांब नळी लावणे आणि मऊ अंथरूण घालणे हे प्रयोगाचेच भाग आहेत. भुकेने वजन घटलेल्या उंदराची प्रतिकारयंत्रणाही बदलते आणि आकडे बिघडतात. वेदनाशामक निवडताना सूज उतरवणारी औषधे थेट निकालात ढवळाढवळ करतात, त्यामुळे पशुवैद्यकाशी आधीच चर्चा करून ठेवावी.

जात म्हणून डीबीए/१ निवडावी. तिच्या एच-२क्यू या प्रतिजन-सादरीकरणाच्या जनुकसमूहामुळे ती कोलॅजनला जोरदार प्रतिसाद देते. जनुके काढलेले बहुतेक उंदीर सी५७ब्लॅक/६ पार्श्वभूमीवर असतात आणि ती जात एच-२बी असल्याने बरीच प्रतिरोधक असते. त्यांच्यासाठी कोंबडीचे कोलॅजन वापरावे लागते आणि तरीही आजाराचे प्रमाण कमी व अनियमित राहते. वय ८ ते १२ आठवडे असावे. बहुधा नर वापरतात, पण नर एकमेकांशी झुंजतात आणि चावलेला पंजा सुजलेल्या पंजासारखाच दिसतो. म्हणून लहानपणापासून एकत्र वाढलेले नर एका पिंजऱ्यात ठेवावेत.

गट पाडताना संपूर्ण पिंजरा एका गटाला देऊ नये, प्रत्येक पिंजऱ्यात सर्व गटांचे उंदीर असावेत. यामागे ठोस कारण आहे. के/बीएक्सएन उंदरांवरील २०१० च्या अभ्यासात असे दिसले की जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा संधिवात लक्षणीय कमी होतो आणि आतड्यात केवळ एक प्रकारचे तंतुमय जिवाणू सोडले की टी-एच-१७ या दाह वाढवणाऱ्या सहायक टी-पेशी वाढून तो परत येतो. एका पिंजऱ्यातील उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे त्यांचे आतड्यातील जिवाणूही सारखे होतात. पिंजऱ्यामुळे पडलेला फरक नियामक पेशींच्या नावावर सहज जमा होऊ शकतो.

तिसरी पायरी : कोलॅजन आणि इमल्शन

सीआयएचे यश किंवा अपयश बव्हंशी या एका पायरीवर ठरते, म्हणून येथे घाई करू नये. प्रकार-२ कोलॅजन, गाईचे किंवा कोंबडीचे, ०.०५ मोलर ॲसेटिक आम्लात मिलिलिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात घालून ४ अंश सेल्सिअसला रात्रभर हलक्या हाताने ढवळत ठेवावे. कोलॅजनची तिहेरी गुंफण शाबूत राहणे आवश्यक आहे. ते गरम झाले की गुंफण उलगडते, त्याचे जिलेटिन होते आणि टोचूनही सांधे सुजत नाहीत. त्यामुळे बाटली, सिरिंज, होमोजिनायझरचे पाते, सर्व काही बर्फात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी कोलॅजनचे द्रावण तितक्याच आकारमानाच्या कंप्लीट फ्रॉइंड ॲडज्युव्हंटमध्ये, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या तेलकट मिश्रणात, घोटून इमल्शन करावे. त्यात उष्णतेने मारलेले क्षयरोगाचे जिवाणू, एच३७आरए या वाणाचे, असतात. अनेक प्रयोगशाळा मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम हे प्रमाण वापरतात. ॲडज्युव्हंट बर्फात ठेवून कोलॅजन थेंबथेंब सोडावे आणि मधे मधे थांबत घोटावे, कारण सलग घोटल्यास पात्याच्या घर्षणानेही मिश्रण तापते. होमोजिनायझर नसेल तर दोन काचेच्या सिरिंजांना तीन-तोंडी तोटी लावून मिश्रण इकडून तिकडे ढकलता येते. सुरुवातीला दांडी सहज सरकते, मग हळूहळू हाताला जड लागू लागते आणि मिश्रण पांढरेशुभ्र व दाट होते. तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी एक थेंब थंड पाण्यात टाकावा. थेंब गोळा होऊन अखंड राहिला तर इमल्शन जमले. तो पृष्ठभागावर पसरला किंवा फुटला तर पुन्हा घोटावे, आणि तरीही जमत नसेल तर ते इमल्शन फेकून द्यावे. फुटलेल्या इमल्शनमधून कोलॅजन लगेच वाहून जाते आणि प्रतिकारयंत्रणेला ते अनेक दिवस मिळत राहत नाही.

प्रत्येक उंदराला शेपटीच्या बुडापासून दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर, त्वचेच्या आत, १०० मायक्रोलिटर म्हणजे १०० मायक्रोग्रॅम कोलॅजन सावकाश टोचावे. सुई बाहेर काढण्यापूर्वी काही क्षण थांबावे, अन्यथा दाट मिश्रण छिद्रातून परत येते. २१ व्या दिवशी दुसरी मात्रा द्यावी, पण ती इन्कंप्लीट, म्हणजे जिवाणू नसलेल्या, ॲडज्युव्हंटमध्ये. जिवाणू असलेले ॲडज्युव्हंट एकाच उंदराला दुसऱ्यांदा देऊ नये, कारण त्याने त्वचेवर वेदनादायक व्रण होतात.

येथे एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. आपल्यापैकी बहुतेकांना जन्मतः बीसीजी लस मिळालेली असते. हे ॲडज्युव्हंट चुकून बोटात टोचले गेले तर क्षयजिवाणूंची ओळख असलेली आपली प्रतिकारयंत्रणा तीव्र प्रतिक्रिया देते आणि ती जखम दीर्घकाळ बरी होत नाही. डोळ्यांवर गॉगल, दुहेरी हातमोजे, घट्ट बसणारी सुई आणि उंदीर धरायला दुसरी व्यक्ती, यांपैकी एखादी जरी गोष्ट नसेल तर त्या दिवशी काम सुरू करू नये.

चौथी पायरी : गुणांकन

दुसऱ्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत, साधारण २४ व्या ते ३५ व्या दिवसादरम्यान, पंजे सुजू लागतात. प्रत्येक पंजाला ० ते ४ गुण द्यावेत : निरोगी पंजाला ०, एखादे बोट किंवा केवळ घोटा हलका लाल झाल्यास १ आणि बोटांसह संपूर्ण पंजा सुजून सांधा आखडल्यास ४. एकूण गुण जास्तीत जास्त १६ होतात. घोट्याची जाडी कॅलिपरने मोजावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये, कारण एकट्या बोटाची सूज तिच्यात दिसत नाही. गुण देणाऱ्याला गट माहीत नसावेत. नियामक पेशींचा परिणाम अनेकदा एक-दोन गुणांचा असतो आणि तेवढा फरक अपेक्षेनेही निर्माण होतो.

सर्व उंदरांना आजार होईलच असे नाही. म्हणून आजार झालेल्यांचे प्रमाण, सुरुवातीचा दिवस आणि तीव्रता या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात. आजारच न झालेल्या उंदरांचे शून्य सरासरीत मिसळले की नियामक पेशींनी आजार टाळला की सौम्य केला, हे कळण्याचा मार्ग बंद होतो.

पाचवी पायरी : पेशी काढून पाहणे आणि घालून पाहणे

एखाद्या पेशीची संख्या आजारी उंदरात वाढली एवढ्यावरून ती आजार आवरते असे म्हणता येत नाही. आग लागलेल्या ठिकाणी अग्निशामक दल दिसते, म्हणून आग त्यानेच लावली किंवा विझवली यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी पेशी काढावी लागते, आणि शक्य असल्यास परत घालावी लागते.

नियामक टी-पेशींपासून सुरुवात करावी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी२५ या प्रथिनाच्या खुणेवरून त्या ओळखल्या. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या पेशींना आवश्यक असलेले फॉक्सपी३ जनुक शोधले, आणि या कामासाठी तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सीआयएमध्ये या पेशी काढण्याचा जुना मार्ग म्हणजे पीसी६१ हे सीडी२५-विरोधी प्रतिपिंड. ते कोलॅजन देण्यापूर्वी दिल्यास संधिवात अधिक तीव्र होतो, हे २००३ मध्ये दाखवले गेले. मात्र वेळ येथे निर्णायक आहे. कोलॅजन दिल्यानंतर हल्लेखोर टी-पेशीही सक्रिय होऊन पृष्ठभागावर सीडी२५ आणतात, त्यामुळे उशिरा दिलेले पीसी६१ दोन्ही बाजूंच्या पेशी मारते आणि मिळालेल्या निकालाचा अर्थ लावता येत नाही. आणखी एक बारकावा असा की, पीसी६१ दिल्यावर त्याच प्रतिपिंडाने पेशी शोधू नयेत. ती जागा आधीच झाकलेली असते आणि पेशी जिवंत असूनही दिसत नाहीत. सीडी२५ वरील वेगळ्या जागी चिकटणारे ७डी४ वापरावे आणि खात्री फॉक्सपी३ वरूनच करावी. नियंत्रण गटाला त्याच वर्गाचे निष्क्रिय रॅट-प्रतिपिंड तितक्याच मात्रेत द्यावे.

दुसरा मार्ग जनुकीय आहे. फॉक्सपी३ असलेल्या पेशींवर डिप्थेरिया विषाचा ग्राहक (रिसेप्टर) बसवलेल्या उंदरांत विष दिले की केवळ नियामक पेशी मरतात. हे अधिक नेमके आहे, पण त्या पूर्णपणे नाहीशा झाल्या तर उंदीर दोन-तीन आठवड्यांत सर्वांगीण स्वयंप्रतिकार विकाराने दगावतात. म्हणून विष थोड्या दिवसांसाठी आणि ठरावीक टप्प्यावरच द्यावे. असे उंदीर बहुधा सी५७ब्लॅक/६ पार्श्वभूमीवर असल्याने वर सांगितलेली प्रतिरोधाची अडचणही सोबत येते.

पेशी घालून पाहण्यासाठी त्याच जातीच्या निरोगी उंदरांच्या प्लीहा आणि लसिका ग्रंथींतून सीडी४ (सहायक टी-पेशींची खूण) आणि सीडी२५ दोन्ही असलेल्या पेशी वेगळ्या कराव्यात, त्यांची शुद्धता तपासावी आणि साधारण १० लाख पेशी शेपटीच्या शिरेतून द्याव्यात. नियंत्रण गटाला केवळ सलाइन देणे पुरेसे नाही. त्याला तितक्याच संख्येने सीडी२५ नसलेल्या सीडी४ पेशी द्याव्यात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगात नियामक पेशींनी संधिवाताची वाढ मंदावली, परंतु शरीरभरातील कोलॅजनविरोधी टी व बी पेशींचा प्रतिसाद त्यामुळे घटला नव्हता आणि दिलेल्या पेशी सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात सापडल्या. केवळ प्रतिपिंडांची पातळी मोजून थांबले असते तर या पेशींचा उपयोग नाही असाच निष्कर्ष निघाला असता. टप्पा आणि जागा यांवर मी इतका भर देतो, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

बी-पेशींनाही केवळ प्रतिपिंडांचे कारखाने समजू नये. २००३ मध्ये क्लॉडिया माउरी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सीडी४० मार्गे उत्तेजित केलेल्या काही बी-पेशी आयएल-१० हे दाह शमवणारे प्रथिन स्रवतात आणि त्या दुसऱ्या उंदराला दिल्यास सीआयए रोखतात. म्हणून सर्व बी-पेशी सरसकट काढणारा प्रयोग आवर आणि इंधन एकाच वेळी काढतो.

मॅक्रोफेजच्या बाबतीत तर सांध्यातली जागाही मिलिमीटरच्या अंशांनी महत्त्वाची ठरते. २०१९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथील गटाने दाखवले की सांध्याच्या अस्तराच्या सर्वांत आतल्या थरात सीएक्स३सीआर१ ही खूण असलेले मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट जोडून संरक्षक पडदा तयार करतात, आणि ते काढले की संधिवात वेगाने भडकतो. रक्तातून नव्याने आलेल्या मोनोसाइटपासून झालेले मॅक्रोफेज मात्र सूज वाढवू शकतात. भक्षक पेशी सरसकट मारणारे क्लोड्रोनेट लायपोसोम यांत भेद करत नाहीत.

मास्ट पेशींची, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींची, कथा प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. किट जनुकात दोष असलेल्या आणि त्यामुळे मास्ट पेशी नसलेल्या उंदरांना के/बीएक्सएन सीरमने संधिवात होत नाही, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मास्ट पेशी अनिवार्य मानल्या गेल्या. पण त्या उंदरांच्या इतर रक्तपेशींतही दोष होते. २०११ मध्ये किट जनुकाला धक्का न लावता मास्ट पेशी नाहीशा केलेल्या उंदरांत संधिवात नेहमीसारखाच झाला. तेव्हा पेशी काढण्याची पद्धत आणखी कशाकशाला हात लावते, याची यादी प्रयोगापूर्वी करावी. जीआर-१ विरोधी प्रतिपिंड न्यूट्रोफिलसोबत मोनोसाइटही मारते, म्हणून न्यूट्रोफिलसाठी एलवाय६जी-विरोधी १ए८ वापरावे, हे त्याच यादीतले.

सहावी पायरी : सांध्यातून पेशी काढणे

प्लीहा काढणे सोपे असते, म्हणून बहुतेक प्रबंधांत प्लीहेचेच आलेख असतात. परंतु निकाल सांध्यात लागतो. पंजाची त्वचा सोलून घोट्याचा भाग वेगळा करावा, लांब हाडे कापली जाऊ देऊ नयेत, कारण अस्थिमज्जा सांडली की न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांचे आकडे निरर्थक होतात. उती कोलॅजिनेज आणि डीएनएज यांच्यात ३७ अंशांना ४५ ते ६० मिनिटे ठेवावी, गाळावी आणि ताबडतोब थंड करावी. काही विकरे पृष्ठभागावरील खुणाही कापतात, म्हणून प्लीहेच्या थोड्या पेशींना तीच प्रक्रिया देऊन खुणा टिकतात का ते आधी पाहावे.

फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेका पेशीवरील खुणा लेसरने मोजण्याच्या तंत्रात, मृत पेशी वगळणारा रंग, सीडी४५, सीडी३, सीडी४, सीडी२५ आणि फॉक्सपी३ हा किमान संच असावा. फॉक्सपी३ केंद्रकात असल्याने त्यासाठी स्वतंत्र छिद्रण-द्रावण लागते. सोबत आयएल-१७, म्हणजे टी-एच-१७ पेशींचे दाहक प्रथिन, पाहायचे असल्यास पेशींना पीएमए व आयोनोमायसिन (पेशी उत्तेजित करणारी रसायने) आणि ब्रेफेल्डिन (प्रथिन पेशीतच अडवणारे) यांच्यासह ४ ते ५ तास ठेवतात, पण पीएमएमुळे पृष्ठभागावरील सीडी४ घटतो, हे सीमारेषा आखताना लक्षात घ्यावे. आयएल-१७ पाहणे टाळू मात्र नये. २०१४ मध्ये जपानी गटाने दाखवले की संधिवाताच्या सांध्यात काही पेशी फॉक्सपी३ गमावून आयएल-१७ स्रवणाऱ्या हल्लेखोर पेशी बनतात आणि सांध्यातील फायब्रोब्लास्टचे आयएल-६ हे दाहक प्रथिन त्याला कारणीभूत असते. सांध्यातील नियामक पेशींची टक्केवारी वाढली, एवढे वाक्य म्हणूनच अपुरे आहे.

दुसरा मागचा पंजा ऊतिपरीक्षणासाठी राखून ठेवावा. फॉर्मालिननंतर ईडीटीएमध्ये दोन ते तीन आठवडे हाडातील कॅल्शियम उतरवून, सॅफ्रॅनिन-ओ रंगाने कूर्चेची झीज पाहावी. सूज उतरूनही हाडाची झीज चालू राहू शकते आणि ती बाहेरून दिसत नाही.

सातवी पायरी : निष्कर्ष किती लांब न्यावा

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटाने २०११ मध्ये आयएल-३ या संदेशवाहक प्रथिनामुळे सीआयए सौम्य होतो आणि फॉक्सपी३ असलेल्या नियामक पेशी वाढतात, असे दाखवले. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने आपल्या प्रयोगाची आखणी करण्यापूर्वी हे काम मुळातून वाचावे, कारण येथील परिस्थितीत हे मॉडेल कसे चालवता येते याची कल्पना त्यातून येते.

माणसांकडे जाताना सीआयएने दिलेली उत्तरे कधी टिकली आहेत, कधी नाही. १९९२ मध्ये टीएनएफ या दाहक प्रथिनाविरोधी प्रतिपिंडांनी उंदरांचा संधिवात कमी केला आणि त्याच मार्गाने आलेले इन्फ्लिक्सिमॅब १९९९ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाले. आयएल-१७ नसलेल्या उंदरांत सीआयए स्पष्टपणे दबतो, परंतु आयएल-१७ रोखणारी औषधे सोरायसिसच्या संधिवातात उत्तम ठरली तरी ऱ्हुमॅटॉइड संधिवातात त्यांचा परिणाम माफकच राहिला. इंटरफेरॉन-गामाचे उदाहरण तर उलटेच : दाह वाढवणारा म्हणून ओळखला जाणारा हा रेणू, पण त्याचा ग्राहक नसलेल्या उंदरांत सीआयए लवकर आणि जोराने येतो. शिवाय हा आजार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि आपण बहुधा नर उंदीर वापरतो. सीआयए काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, रुग्णाचा आजार वर्षानुवर्षे चालतो.

म्हणून अहवालात जात, लिंग, वय, कोलॅजनचा प्राणी, ॲडज्युव्हंटमधील जिवाणूंचे प्रमाण, पेशी कोणत्या दिवशी काढल्या वा दिल्या, त्यांपैकी किती खरोखर नाहीशा झाल्या आणि कोणत्या ऊतीत त्या मोजल्या, हे सर्व प्राणीप्रयोगांच्या अहवालांसाठीच्या २०२० च्या सुधारित अराइव्ह मार्गदर्शक सूचनांनुसार लिहावे. निष्कर्षाच्या वाक्यातही तोच नेमकेपणा असावा. ‘नियामक टी-पेशी संधिवात रोखतात’ असे न लिहिता ‘डीबीए/१ नर उंदरांत, कोलॅजन देण्यापूर्वी सीडी२५ असलेल्या पेशी काढल्यास आजाराची तीव्रता वाढली’ असे लिहावे.